शाळेची पहिली पायरी

मृग नक्षत्र लागले की आमच्या आदिलाबाद जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या दाराशी दोन कामे एकदम येऊन उभी राहतात. एक पेरणीचे. जमिनीत ओल उतरली की सरकी, तूर, सोयाबीन मातीआड केल्यावाचून घरधन्यास चैन पडत नाही. दुसरे शाळेचे. तेलंगणातील शाळा उन्हाळ्याची सुट्टी संपवून १२ जूनच्या सुमारास उघडतात. शेजारच्या विदर्भात उन्हाच्या तडाख्यामुळे सुट्टी आणखी काही दिवस लांबते. त्यामुळे पैनगंगेच्या पलीकडे मामाच्या गावची भावंडे अद्याप आंब्याखाली खेळत असतात, आणि अलीकडच्या आपल्या बाळाला मात्र दप्तर उचलावे लागते.

पेरणीविषयी गावात महिनाभर खल चाललेला असतो. बियाणे कोणते घ्यावे, पाऊस टिकेल काय, दुबार पेरणीची पाळी तर येणार नाही ना, या चिंतेने मोठ्यांना झोप लागत नाही. शाळेत प्रथमच जाणाऱ्या सहा वर्षांच्या जिवाविषयी मात्र कोणी फारसे बोलत नाही. नाव घातले, पाटी-दप्तर आणले, गणवेश शिवला, म्हणजे आपले काम संपले अशी आपली समजूत असते. वाचकहो, ती समजूत किती अपुरी आहे हे आम्ही एका प्रसंगाने शिकलो. त्या प्रसंगात चूक आमचीच होती, म्हणून तो सांगण्याचा अधिकारही आमचाच आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पैनगंगेच्या काठालगतच्या एका खेड्यात आम्ही सकाळच्या फेरीस निघालो होतो. शाळेच्या फाटकाशी एक तरुण शेतकरी आपल्या मुलाला घेऊन उभा होता. मुलगा इयत्ता पहिलीचा. अंगावर नवा गणवेश, केसांना चापून तेल लावलेले, आणि दोन्ही मुठींत बापाचा सदरा घट्ट धरलेला. आत घंटा झाली होती. बाप एकदा मुलाकडे, एकदा आभाळाकडे पाही. शेतावर बैलजोडी जुंपून ठेवलेली होती, पेरणीची माणसे खोळंबली होती. त्याने आमच्याकडे केविलवाण्या मुद्रेने पाहिले. आम्ही जाणतेपणाच्या थाटात त्याला म्हणालो, "त्याचे लक्ष नाही असे पाहून हळूच निघून जा. दोन दिवस रडेल, तिसऱ्या दिवशी विसरेल."

त्याने आमचे ऐकले. गुरुजींनी मुलाला खडूचा डबा दाखविला. मुलाने क्षणभर मूठ सोडली, आणि त्याने मागे वळून पाहिले तेव्हा बाप तेथे नव्हता.

पहिल्या दिवशी तो दुपारपर्यंत रडला. दुसऱ्या दिवशी रडला नाही. भिंतीशी पाठ लावून नुसता बसून राहिला. आम्ही मनाशी म्हणालो, पाहा, मूल रुळले. तिसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाच्या गडबडीत तो कोणाच्या नकळत फाटकाबाहेर पडला आणि बापाच्या शेताची वाट धरून चालू लागला. आभाळ भरून आले होते. वरच्या अंगाला पाऊस झाल्यामुळे वाटेतील नाल्याला गढूळ पाणी आले होते. एका म्हाताऱ्या शेळकऱ्याला तो नाल्याच्या अलीकडच्या काठावर बसलेला आढळला. चपला काढून त्याने हातात घेतल्या होत्या. पाण्यात पाय घालावा की न घालावा, या विचारात तो असावा. म्हातारा आणखी घटकाभर उशिरा आला असता तर काय झाले असते, हा विचार आजही आमच्या अंगावर काटा आणतो.

त्यानंतरचे आठ दिवस तो शाळेत एक अक्षर बोलला नाही. घरी आई पाणी आणावयास निघाली तरी तो तिचा पदर सोडीना. शाळेत कोणीसे म्हणाले, पोरगा मंद दिसतो. आणि त्याचा बाप आम्हांस म्हणाला, "फादर, राहू द्या. पुढच्या साली पाहू." पुढच्या साली पाहू! हे शब्द आम्ही आमच्या खेड्यांतून अनेकदा ऐकले आहेत. ते पुढचे साल क्वचितच उजाडते. पुढच्या साली धाकटे भावंड सांभाळावयाचे असते, शेळ्या वाढलेल्या असतात, आणि मूल शाळेपासून एक वर्ष अधिक दूर गेलेले असते.

आम्ही त्या घरी गेलो, ओसरीवर बसलो आणि प्रथम आपली चूक कबूल केली. मग सर्वांनी मिळून विचार केला की या बाळाचे नेमके बिनसले कोठे.

रडणे म्हणजे हट्ट नव्हे

पहिली चूक होती ती फसवणुकीची. मूल घरच्या माणसापासून दूर होताना रडते ते हट्टाने नव्हे. ज्याच्यावर आपला सारा भरवसा आहे तो डोळ्यांआड झाल्यावर परत येईल की नाही, हे त्याला ठाऊक नसते. मोठ्या माणसाला चार वाजता सुट्टी म्हटले की कळते. सहा वर्षांच्या मुलाच्या मनात अद्याप घड्याळ नसते. आपण पाठ फिरताच निसटून गेलो, तर त्याच्या मनावर एकच धडा उमटतो, तो असा की क्षणभरही डोळा हलवू नये, नाहीतर माणूस नाहीसा होतो. मग ते मूल घरीसुद्धा आईला बिलगून राहते. ज्या गोष्टीने त्याला धीट करावयाचे, त्याच गोष्टीने आपण त्याला भित्रे करून ठेवतो.

म्हणून निरोप घ्यावा तो तोंडावर आणि थोडक्यात. "मी शेतावर जातो. तुझे जेवण होईल, मग खेळ होईल, मग मोठी घंटा होईल, तेव्हा आजी फाटकाशी असेल." इतके पुरे. घड्याळ न कळणाऱ्या मुलालाही जेवण, खेळ आणि घंटा यांचा क्रम कळतो. मूल रडेल. रडू द्यावे. परंतु ते फसविले गेले म्हणून रडत नसेल, आणि या दोन रडण्यांत फार अंतर आहे. मात्र घंटेच्या वेळी आजी खरोखरच फाटकाशी असली पाहिजे. एक दिवस उशीर झाला तर आठ दिवसांचा विश्वास वाहून जातो.

समोरासमोरची दोन पाने

दुसरी गोष्ट भाषेची, आणि आमच्या जिल्ह्यात ती सर्वांत अवघड आहे. त्या मुलाच्या घरी मराठी बोलतात. गुरुजी तेलुगू बोलणारे, मनाने सज्जन. वर्ग भरला की ते प्रेमाने म्हणत, "पिल्ललु, कूर्चोंडी." तेलुगूत याचा अर्थ, मुलांनो, बसा. त्या मुलाने 'पिल्ललु' हा शब्द ऐकला आणि तो कुत्र्याची पिल्ले कोठे दिसतात ते दाराकडे पाहू लागला. वर्ग हसला. गुरुजीही हसले. त्या हसण्यात वाईट हेतू नव्हता, पण मुलाने त्या दिवसापासून तोंड मिटले ते मिटलेच.

आणि हे केवळ तेलुगूपुरते नाही. तेलंगण राज्याने २०१८ सालच्या कायद्याने सर्व शाळांतून तेलुगू विषय सक्तीचा केला, आणि २०२२-२३ या वर्षापासून सरकारी शाळांत पहिली ते आठवीच्या वर्गांस इंग्रजी माध्यम आणले. मुलांच्या हाती द्विभाषिक पुस्तके आली. एका पानावर इंग्रजी, समोरच्या पानावर तेलुगू. योजना चांगल्या हेतूची आहे, आणि तेलुगू घरच्या मुलास तिचा आधारही होतो. पण आमच्या या बाळाने पुस्तक उघडले तर डाव्या पानावर त्याचे घर नाही आणि उजव्या पानावरही नाही. अशा वेळी मूल गप्प बसले तर ते मंद नसते. ते ऐकत असते. नव्या भाषेत पडलेले मूल काही आठवडे, कधी काही महिनेही, ऐकण्यातच घालविते आणि मग एके दिवशी बोलू लागते. हे जगभर शिक्षकांनी पाहिलेले आहे. त्या मौनाच्या काळात त्याच्यावर 'मंद' असा शिक्का मारणे म्हणजे पेरलेले उगवण्यापूर्वीच जमीन नापीक ठरविणे होय.

आमच्या बोलण्याचा विपर्यास होऊ नये. तेलुगू ही आपल्या राज्याची भाषा आहे. बाजारात, कचेरीत, दवाखान्यात तिच्यावाचून आपले पाऊल पुढे पडत नाही. इंग्रजीची गरज कोणी नाकारीत नाही. आमचे म्हणणे एवढेच की ओळखीच्या काठावरून अनोळखी काठावर जाताना मध्ये पाय ठेवावयास एक दगड लागतो. नाल्यातील पाणी गुडघ्याइतके असले तरी मोठा माणूस उतारावरचा दगड शोधतो. मग बाळाने एका उडीत पलीकडे जावे अशी अपेक्षा आपण कोणत्या न्यायाने करतो?

हा प्रश्न जुना आहे

आमचा जिल्हा पूर्वी निजामाच्या हैदराबाद राज्यात होता. दरबाराची भाषा उर्दू, काही भागांत लोकांची भाषा मराठी, काही भागांत तेलुगू, डोंगरांत गोंडी आणि कोलामी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार राज्ये झाली, तेव्हा राजुरा आणि किनवट हे या जिल्ह्याचे भाग मराठी मुलुखात गेले आणि उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात आला. २०१४ साली तेलंगण राज्य झाले. २०१६ साली जुन्या जिल्ह्याचे आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कुमरम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे झाले. नकाशावरील रेघा हलल्या. घरातील भाषा मात्र चुलीपाशी होती तेथेच राहिली. केरामेरी आणि जिवती यांच्यामधील डोंगरपट्टीत तर अशी बारा-चौदा गावे आहेत की ज्यांच्यावर दोन्ही राज्ये हक्क सांगतात. तेथे एकाच गावात एक मराठी शाळा आणि एक तेलुगू शाळा आहे. तेथील आईबापांना जून महिन्यात, बाळाला कोणत्या दारात सोडावे, हाही प्रश्न पडतो.

या गुंत्यातून वाट कशी काढावी, याचे एक उदाहरण याच मातीत घडले आहे. १९४० साली जोडेघाट येथे कुमरम भीम मारले गेल्यानंतर निजाम सरकारला गोंडांच्या हलाखीची दखल घेणे भाग पडले. ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हैमेनडॉर्फ हे व्हिएन्नाचे मानववंशशास्त्रज्ञ त्या काळी महायुद्धामुळे हिंदुस्थानात अडकून पडले होते. ते उटनूरच्या डोंगरातील मार्लवाई या गोंड खेड्यात राहिले, आणि १९४३ साली तेथे गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र सुरू झाले.

त्यांच्यापुढे अडचण होती ती आपल्या त्या गुरुजींच्यासारखीच. बाहेरचा शिक्षक आणावा तर त्याला गोंडी येत नाही, आणि गोंड मुलाला त्याची भाषा येत नाही. त्यांनी तोडगा काढला तो असा. डोंगरात जे मोजके गोंड तरुण थोडेफार लिहू-वाचू शकत, त्यांना ती अक्षरे मराठीतून आलेली होती. त्याच तरुणांना शिक्षक म्हणून शिकविण्यात आले, आणि पहिली पुस्तके गोंडी भाषेत, पण देवनागरी लिपीत छापण्यात आली. शिकविणारा माणूस आपला, पहिला शब्द आपल्या आईचा, आणि लिपी अशी की जिच्यावरून पुढे दुसऱ्या भाषेकडे जाता यावे. नाल्यातला तो दगड असा बरोबर मध्यभागी ठेवला गेला होता. पुढे आदिलाबादेत अधिकारी म्हणून आलेले, आणि नंतर मराठी इतिहासकार म्हणून कीर्ती पावलेले सेतुमाधवराव पगडी यांनीही गोंडी भाषा शिकून तिचे व्याकरण लिहिले. मुलाला आपली भाषा शिकविण्यापूर्वी आपण त्याची भाषा शिकावी, ही नम्रता ज्या अधिकाऱ्याजवळ असते तो खरा शिक्षक.

पुढे गोंडीतून शिकविणे मागे पडले आणि त्याची जागा तेलुगूने घेतली. हैमेनडॉर्फ यांना उतारवयात या भागात पुन्हा आल्यावर त्याची खंत वाटली. त्यांच्या पत्नी बेट्टी १९८७ साली निवर्तल्या. त्यांची समाधी मार्लवाईसच आहे. शाळा बदलल्या, पुस्तके बदलली, पण ज्यांनी पहिली पायरी बांधली त्यांना ते गाव विसरलेले नाही.

मराठी मुलुखातही हाच धडा ताराबाई मोडक यांनी दिला. १९४५ साली त्यांनी बोर्डी येथे ग्रामबालशिक्षा केंद्र काढले. पुढे अनुताई वाघ यांच्यासह त्यांनी कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी आयुष्य वेचले. गरीब वस्तीतील मुले बालवाडीच्या इमारतीत येईनात, तेव्हा ताराबाईंनी मुलांना दोष दिला नाही. त्यांनी बालवाडीच उचलून मुलांच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरविली. अंगणवाडी आणि कुरणशाळा हे शब्द तेथून रूढ झाले. आज आमच्या तेलुगू शेजाऱ्यांच्या तोंडीही अंगणवाडी हाच शब्द आहे. तो शब्द उच्चारताना, शाळेने बाळाच्या अंगणापर्यंत यावे हा त्यातील अर्थ आपण विसरू नये.

आजीने काय केले

आता आमच्या त्या बाळाकडे वळू. त्याच्या घरी ताराबाई नव्हत्या, पण आजी होती. आम्ही गुरुजींना जाऊन भेटलो. त्यांनी आनंदाने परवानगी दिली. पहिले दोन दिवस आजी वर्गाच्या दाराशी बसली. नातू पाच-पाच मिनिटांनी मागे पाही, आजी जागेवर असे. तिसऱ्या दिवशी ती व्हरांड्याच्या टोकाला बसली. नंतर आवारातील लिंबाखाली. नंतर फाटकाबाहेर. प्रत्येक वेळी ती त्याला सांगून जागा बदली. "आज मी लिंबाखाली बसतो बरं का. तुले दिसन मी." दहाव्या दिवशी तो आपण होऊन म्हणाला, "आजी, तू घरी जाय. घंटा झाली की ये."

दुसरा उपाय शेजारच्या एका मुलीने केला. ती तिसरीत होती आणि मराठी-तेलुगू दोन्ही खडखडीत बोले. गुरुजींनी तिला जेवणाच्या वेळी त्याच्याजवळ बसविले. पाणी हवे असल्यास 'नीळ्ळु' म्हणावे, हे तिने त्याला शिकविले. तिसरा उपाय स्वतः गुरुजींनी केला. त्यांनी मराठीतील मोजके शब्द शिकून घेतले: ये, बस, पाणी, भूक लागली का, शाबास. सहा वर्षांच्या मुलाला आपलेसे वाटावयास गुरुजींना सारी मराठी येण्याची गरज नव्हती. तेवढे शब्द पुरले.

घरोघरी करता येईल असे

पालकहो, यातून आम्ही जे शिकलो आणि पुढे इतर घरांतून जे पाहिले, ते थोडक्यात सांगतो.

शाळा उघडण्यापूर्वी आठवडाभर आधी बाळाची झोप सुधारावी. उन्हाळ्यात लग्नसराईची जागरणे झालेली असतात. सहा वर्षांच्या मुलास दिवसाकाठी नऊ ते बारा तास झोप लागते. अर्धवट झोपेत उठविलेले मूल शाळेला नव्हे, झोपमोडीला रडत असते. सकाळी भाकरीचा तुकडा का होईना, पोटात जाऊ द्यावा. दुपारी शाळेत जेवण मिळते, पण तोवर उपाशी पोटी धीर धरवत नाही.

शाळा बंद असतानाच एकदा बाळाला तेथे नेऊन सर्व दाखवावे. तुझा वर्ग हा, पाण्याचा नळ हा, आणि विशेषतः लघवीस जाण्याची जागा ही. लाजेखातर कोणाला विचारू न शकलेली किती तरी मुले दिवसभर अवघडून बसतात, कपडे भिजले की हसली जातात आणि दुसऱ्या दिवशी पोटदुखीचे निमित्त काढतात. बाळाला शाळेची धास्ती वाटते तेव्हा तिच्यामागे कधी कधी एवढेच साधे कारण असते.

"थांब, गुरुजींना सांगते," हा धाक घरी घालू नये. ज्या माणसाच्या हाती आपण बाळ सोपविणार, त्यालाच आपण बागुलबुवा करून ठेवतो. छडीच्या धाकाचे समर्थन तर कोणीच करू नये. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई केलेली आहे. त्याच कायद्यात असेही म्हटले आहे की शक्य तेथवर शिक्षण मुलाच्या मातृभाषेतून द्यावे. शिवाय १९५६ साली आपल्या घटनेत ३५० अ हे कलम घालण्यात आले. भाषिक अल्पसंख्य समाजाच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असा आदेश त्यात राज्यांना आहे. आमच्या जिल्ह्यात काही सरकारी शाळांतून मराठी माध्यम चालते. आपल्या गावाजवळ तसा वर्ग असल्यास त्याची चौकशी करावी, आणि नसल्यास गावकऱ्यांनी मिळून सभ्य शब्दांत मागणी करावी. बडीबाटच्या मोहिमेत शिक्षक घरोघरी येतात, तेव्हा हे बोलण्याची चांगली संधी असते. तेलुगूत बडी म्हणजे शाळा आणि बाट म्हणजे वाट. वाट दोन्ही बाजूंनी चालता येते.

शाळेतून आल्याबरोबर "आज काय शिकलास?" असा उलटतपास करू नये. पाणी द्यावे, जवळ बसवावे, ते सांगेल तेव्हा ऐकावे. घरची भाषा बंद करून मोडक्या इंग्रजीत बोलण्याचा अट्टाहास तर मुळीच नको. आजीच्या गोष्टी, उखाणे, कोडी यांतून ज्याची मराठी घट्ट झाली, त्याला दुसरी भाषा लवकर येते. पाया एकदा खणलेला असला की त्यावर दुसरा मजला चढविता येतो.

थोरल्या बहिणीला पेरणीच्या दिवसांत तान्हे मूल सांभाळावयास घरी ठेवू नये. एक तर तिचा अभ्यास बुडतो. दुसरे असे की धाकट्याला शाळेत हात धरणारे जे एकच माणूस असते, तेच आपण काढून घेतो.

जे मूल गतसाली शाळेत आनंदाने जात होते, तेही नव्या वर्षी कधी कधी कुरकुरते. वर्ग बदललेला असतो, गुरुजी बदललेले असतात, सोबती दुसऱ्या तुकडीत गेलेला असतो. रात्री अंथरूण ओले होणे, सकाळी पोटात दुखणे, पुन्हा अंगठा चोखणे, असे प्रकार दिसले तर रागावू नये. बहुधा काही आठवड्यांत ते आपोआप थांबतात. महिना उलटूनही मूल खात नसेल, झोपेत दचकत असेल, किंवा कोणाशीच, घरीसुद्धा, बोलत नसेल, तर मात्र गुरुजींना भेटावे आणि आरोग्यकेंद्रात दाखवावे. कान आणि डोळे तपासून घ्यावेत. नीट ऐकू न येणारे मूल अनेकदा 'लक्ष देत नाही' म्हणून मार खाते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली शाळांतून आणि अंगणवाड्यांतून मुलांची मोफत तपासणी होते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये.

यांतील एकाही गोष्टीला पैसे लागत नाहीत. वेळ लागतो, आणि पेरणीच्या दिवसांत वेळ पैशाहून महाग असतो, हे आम्ही जाणतो. तरीही विचार करावा. उशिरा पेरलेल्या शेतात थोडे तरी पीक येते. शाळेची धास्ती घेऊन घरी बसलेल्या बाळाचे ते वर्ष मात्र हाती लागत नाही.

श्रावण सरला, पोळा आला. आम्ही त्या घरी गेलो तेव्हा अंगणात बैल सजविण्याचे काम चालले होते. शिंगांना रंग, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरांच्या माळा. तो मुलगा रंगाची वाटी धरून उभा होता. आम्हांस पाहून तो लाजला, पण पळाला नाही. मग बैलाच्या मानेवर हात ठेवून आजीला म्हणाला, "आजी, आमचे सर याले एद्दु म्हणतात."

आजी म्हणाली, "म्हणू दे की. शाळेत एद्दु म्हण, घरी ढवळ्या म्हण. बैल तोच हाये."